दाराजवळची खुर्ची

“पेन नीट चालत नाही का, डुबल?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“चालतंय की.”

“मग इथं कागद कसा फाटला?”

मी वाकून पाहिलं. चोवीस प्रश्नांचा फॉर्म होता. प्रत्येक प्रश्नापुढे शून्य ते दहा यांतला एक आकडा लिहायचा. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे जीव जायची वेळ. मी ओळीनं चोवीस शून्यं मांडली होती. सतराव्या प्रश्नापुढचं शून्य जरा जोरात आलं होतं आणि कागदाला तिथं भोक पडलं होतं.

“कागद हलका हाय तुमचा,” मी म्हणालो.

बाईंनी गंभीरपणे मान डोलावली आणि फॉर्म फायलीत ठेवला. “चोवीस शून्यं. म्हणजे तुम्हाला काहीच होत नाही.”

“कायबी न्हाई.”

“मग आलात कशाला?”

“साहेबांनी धाडलं म्हणून. तुमचं पत्र मिळालं की मला गाडी मिळंल. तुम्ही पत्र द्या, मी चाललो.”

“पुढच्या मंगळवारी नऊला या,” बाई म्हणाल्या. “आणि कागद जाड आणून ठेवते.”

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. मी एसटीचा ड्रायव्हर. तेव्हा नोकरीला एकोणीस वर्षं झाली होती, त्यातली अकरा मी कराड-चिपळूण गाडी चालवली होती, आणि गाडीला एक ओरखडा नव्हता. डिसेंबरातल्या एका लख्ख सकाळी, ना धुकं, ना समोर ट्रक, मी घाटातल्या मोकळ्या वळणावर गाडी थांबवली. रस्त्याच्या मधोमध. हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि बेचाळीस प्रवाशांच्या देखत स्टिअरिंगला मिठी मारून बसलो. छाती फुटते की काय असं झालं होतं, हातांना मुंग्या आल्या होत्या, शर्ट पिळावा इतका घाम. कंडक्टरनं मला धरून खाली उतरवलं आणि मागून येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरनं आमची गाडी खाली नेली.

ब्रेक लागत नव्हते, असं मी सांगितलं. वर्कशॉपनं ब्रेक तपासले, ते ठणठणीत निघाले. मग डॉक्टरांनी माझं काळीज तपासलं, तेही ठणठणीत निघालं. उरलं डोकं. आमचे आगार व्यवस्थापक कणसेसाहेब भला माणूस, त्यांनी मला घरी बसवलं नाही, चौकशीच्या खिडकीत बसवलं. रोज सकाळी दहाला मलाच माईकवर पुकारावं लागायचं, कराड-चिपळूण गाडी फलाट क्रमांक पाचवर लागली आहे. आपल्याच बायकोच्या दुसऱ्या लग्नात अक्षता वाटत फिरावं, तसं वाटायचं. साहेबांनी बजावलं होतं, “रंगराव, ह्या विषयातल्या डॉक्टरचं पत्र आण आणि स्टिअरिंग परत घे. न्हाईतर रिटायर होईपतोर ही खिडकी.”

म्हणून मी तिथं गेलो. दवाखान्याचं नाव ‘निश्चिंत’. खाली मोटारसायकलींच्या टायरचं दुकान, वर हा दवाखाना, आणि पाटीवर एक बाई डोळे मिटून हसतेय असं चित्र. इतकी निश्चिंत बाई मी आयुष्यात पाहिलेली नाही. आगारात मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातोय असं सांगून ठेवलं होतं. गल्लीत शिरताना हेल्मेट घालायचो आणि जिन्यावर पोचल्यावरच काढायचो.

आतली तऱ्हा तर विचारूच नका. ना सुई, ना बाटली, ना कुणी जीभ बघत. पेशंट बोलतो आणि डॉक्टर ऐकते, पाऊण तास. मग डॉक्टर विचारते, “आता किती?” आणि पेशंटनं आकडा सांगायचा. एवढ्यासाठी डॉ. मृणाल टिळेकर नावाची ही बाई अकरा वर्षं शिकली होती म्हणे. आमच्या घरी ही सगळी चौकशी शालन, माझी बायको, भाकऱ्या थापता थापता करते.

त्याहून मोठी करमणूक बाहेरच्या खोलीत होती. तिथं पाच खुर्च्या. चार भिंतीला लागून, एक दाराजवळ. डॉक्टरीणबाई नऊला यायच्या, पण पेशंट आठपासूनच जिन्यात. झाडलोट करणाऱ्या तारामावशी कुलूप काढता काढता रोज तेच म्हणायच्या, “जगात पेशंट उशिरा येत्यात न् डाक्टर लवकर. हितं उलटंच. काय पळून चाललाय का दवाखाना तुमचा?” पळून दवाखाना जाणार नव्हता, पेशंट जाणार होते. म्हणून प्रत्येकाला ती दाराजवळची खुर्ची हवी असायची. जीव घाबरला तर दोन पावलांत बाहेर! भिंतीकडची खुर्ची मिळाली की एकेकाचं तोंड एवढंसं व्हायचं.

त्या खुर्चीचे मानकरी म्हणजे कापडवाले ओसवाल शेठ. साठीचे, गोरेगोमटे, आणि मांडीवर कायम एक जाडजूड फाईल. तिच्यात चौदा वेळा काढलेला काळजाचा आलेख. चौदाही वेळा डॉक्टरांनी काही झालेलं नाही असं सांगितलेलं, आणि शेठना भीती पंधराव्याची. बाईंनी त्यांना औषध काय दिलं, तर जिना चढायचा-उतरायचा. वीस वेळा. काळीज धडधडू द्यायचं आणि फाईल खाली ठेवायची. शेठ चढताना मोठ्यानं पायऱ्या मोजायचे आणि मी वर बसून मिशीत हसायचो.

“तुम्हाला कसली भीती आहे, डुबलसाहेब?” त्यांनी एकदा धापा टाकत विचारलं.

“मला? मी पत्र न्यायला आलोय.”

“अच्छा. मग आज ही खुर्ची मला द्या ना. पत्र कुठूनही नेता येतं.”

मी दिली नाही. मी त्या दिवशी पावणेआठला येऊन ती पटकावली होती. का, ते विचारायचं धाडस शेठनी केलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

तिसऱ्या मंगळवारी बाईंनी कागदावर एक रेघ काढली, चढत गेलेली, माथ्यावर पोचून उतरत आलेली. “भीती अशी असते, डुबल. चढते, माथ्यावर जाते आणि आपोआप उतरते. आपण माथा यायच्या आधीच पळतो, म्हणून तिचा उतार आपल्याला कधी दिसतच नाही.”

अकरा वर्षं घाट चालवलेल्या माणसाला ही बाई घाट शिकवत होती! मी विचारलं, “मॅडम, तुम्ही आमच्या घाटानं कधी गेलाय?”

“एकदाच. आयुष्यभर पुरेल इतकं.”

“का?”

“त्याचं नंतर.”

मग त्यांनी शिडी काढली. पहिली पायरी, आगारात उभ्या असलेल्या गाडीत बसायचं. दुसरी, गावातल्या गावात प्रवासी म्हणून फिरायचं. अशा करत करत आठ पायऱ्या, आणि शेवटची, प्रवासी म्हणून ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसून घाट उतरायचा. मी सात पायऱ्या तीन आठवड्यांत उडवल्या आणि दर वेळी शून्य सांगितलं. मला वाटलं, पत्र आता खिशात पडलंच. बाई मात्र वहीत भलतंच लिहायच्या.

“गाडीत बसलात की तुम्ही दोन्ही हात मांडीखाली का घालता?”

“थंडी असती.”

“इथंही घातलेत. मार्च चालू आहे.”

मी हात काढले आणि ते कुठं ठेवायचे हे मला कळेना. टेबलावर ठेवले, तर मलाच दिसायला लागले. पुन्हा मांडीखाली गेले.

शालननं त्या रात्री जेवताना विचारलं, “सांगितलंत का त्यास्नी?”

“काय सांगायचं?”

“मला काय म्हाईत? पर कायतरी हाय. तीन म्हैनं झालं, तुमी विळी-चाकू माझ्याकडं देत न्हाईसा, लांब ठेवता.”

मी भाकरी तशीच टाकून उठलो. बायकांना नसत्या चौकशा फार, असं पुटपुटलो सुद्धा.

घाटाचा दिवस मी ठरवला. शनिवार, कारण शनिवारी सर्जेराव थोरातची सुटी असायची. सर्जेराव म्हणजे आमच्या आगाराचा वाघ. सहा फूट उंची, पिळदार मिशा, आणि घाट असा उतरायचा की म्हाताऱ्याकोताऱ्या मागं बसून घोरायच्या. त्याची एकच खोड मला खटकायची. मोकळं वळण आलं की तो खिडकीतून दरीकडे बघून मोठ्यानं शिव्या हासडायचा. कचकचीत, आईबहिणीवरून. प्रवासी खिदळायचे, आगारात त्याच्या नकला व्हायच्या. मला तो थिल्लरपणा वाटायचा. चौदा वर्षं नोकरी झालेला ड्रायव्हर, आणि दरीला शिव्या देतो! अशा माणसानं मला प्रवासी म्हणून बसलेलं पाहावं, हे मला सोसणार नव्हतं.

तर शनिवारी दहाला फलाटावर गेलो आणि गाडीवर सर्जेराव. दुसऱ्या ड्रायव्हरच्या पोराला ताप आला म्हणून त्यानं ड्यूटी बदलून घेतली होती.

“आरं रंगराव! ह्या कोन?”

“डोळ्याच्या डॉक्टर,” मी म्हणालो.

“गाडीत डोळं तपासत्यात व्हय?”

“लांबचं दिसतं का बघायचंय,” बाई म्हणाल्या आणि चढून ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसल्या. माझी खोटी गोष्ट त्यांनी इतक्या सहज पाठीवर घेतली, की क्षणभर मला त्यांचा राग धरता आला नाही. मग पाहिलं, तर त्यांच्या हातात चार कागदी पिशव्या होत्या.

“ह्या कशाला?”

“मला घाटात उलटी होते. आधीच्या वेळी सगळी गाडी धुवावी लागली होती.”

“मग आलाय कशाला? मी एकटा गेलो असतो.”

“एकटे गेला असतात आणि येऊन शून्य सांगितलं असतंत.”

मला हसू आवरेना. भीती घालवणारी डॉक्टर, आणि घाट सुरू व्हायच्या आधीच चेहरा पिठासारखा पांढरा! पाटण गेलं, कोयनानगर गेलं. खिंड ओलांडून गाडी उतरायला लागली आणि बाईंची पहिली पिशवी भरली. मी खिडकीकडे तोंड करून बसलो. पण माझंही हसू तिथंच संपलं. दरी आमच्या अंगाला होती. सर्जेरावचे दोन हात स्टिअरिंगवर होते, आणि मला दिसत होते फक्त ते हात.

“किती?” बाईंनी विचारलं.

“शून्य.”

“हात बाहेर काढा.”

“नगा सांगू.”

“काढा, डुबल.”

“मॅडम, नगा.”

मोकळं वळण दोन वळणांवर आलं होतं. त्याला मोकळं म्हणायचे, कारण तिथं झाडी संपते आणि समोर नुसतं आभाळ दिसतं. बाईंनी दुसरी पिशवी तोंडाला लावली. बिचारीच्या पोटात काही उरलं नव्हतं, नुसता कोरडा उमाळा. डोळ्यांतून पाणी. तोंड पुसून माझ्याकडे वळल्या आणि पहिल्यांदाच चिडल्या.

“मी चाळीस माणसांत ओकत बसलेय, आणि तुम्ही अजून शून्य म्हणताय? आपल्या दोघांत एकाला तरी लाज वाटू दे! सतराव्या प्रश्नाला कागद फाटला. काय होता तो प्रश्न, माहीत आहे ना?”

माहीत नसायला काय झालं? तोंडपाठ होता. ‘नको असलेले भयंकर विचार, आपल्या हातून काही वाईट घडेल असे, मनात येतात का?’

मी हात काढले. मी पुटपुटलो.

“ऐकू येत नाही. इंजिनचा आवाज आहे.”

मी पुन्हा म्हणालो.

“मोठ्यानं!”

आणि मी बेंबीच्या देठापासून ओरडलो. नेमका त्याच क्षणी सर्जेरावनं गिअर बदलायला क्लच दाबला, इंजिनचा घरघराट पडला आणि माझं बोलणं शेवटच्या बाकापर्यंत लख्ख ऐकू गेलं.

“मला गाडी दरीत घालावीशी वाटती!”

कंडक्टरचा हात तिकिटाच्या मशिनवर तसाच राहिला. माझी एकोणीस वर्षं, माझं नाव, माझं स्टिअरिंग, सगळं त्या एका वाक्यात गेलं, असं मला वाटलं. आता मागं घ्यायला काही उरलं नव्हतं, म्हणून मी बोलतच सुटलो. ब्रेक चांगले होते. त्या दिवशी ह्याच वळणावर एकदम मनात आलं, हात जरासा वळवला तर? बेचाळीस माणसं. मागं एक लेकुरवाळी होती. मी असला विचार करणारा माणूस न्हवतो, देवाशपथ न्हवतो, पण विचार आला, आणि मग हात माझे वाटेनात. म्हणून गाडी थांबवली. म्हणून चाकू लांब ठेवतो. म्हणून हात मांडीखाली घालतो. आणि मी रडायला लागलो, चांगला हुंदके देऊन.

मागच्या बाकावरून एक म्हातारी म्हणाली, “कोन हाय गं त्यो?”

“ड्रायव्हरच हाय, आजी,” कुणीतरी म्हणालं. “पर आज गाडीवर न्हाई.”

“मग वाटू दे की. वाटतंय न्हवं नुसतं? घालू नगं म्हंजी झालं.”

बाई पिशवी तोंडाला लावूनच हसल्या. “आजी, तुम्ही दवाखान्यात बसायला या,” असं त्यांना म्हणायचं होतं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. तेव्हा अर्धंच म्हणता आलं.

मोकळं वळण आलं. मी डोळे मिटायला गेलो, बाईंनी माझं मनगट धरलं. “बघा. आता किती?”

“दहा.”

“शाबास! पहिला खरा आकडा. हात तिथंच राहू देत. विचार हाकलू नका, येऊ दे. ज्याला खरंच घालायची असते, तो तीन महिने हातावर बसून राहत नाही.”

गाडी वळली. आभाळ आलं आणि गेलं. माझे हात गुडघ्यावर होते आणि त्यांनी काही केलं नाही. मी ते पाहत होतो, म्हणून एक गोष्ट माझ्या उशिरा ध्यानात आली. सर्जेरावनं शिवी दिली नव्हती.

खाली देवीचं ठाणं आहे, तिथं सगळ्या गाड्या पाच मिनिटं थांबतात. प्रवासी नारळ फोडायला उतरले. सर्जेराव उतरला नाही. तो सीटवरूनच मागं वळला, तर त्याच्या मिशा घामानं चिकटल्या होत्या.

“तुला कवाधरनं हाय?” त्यानं विचारलं.

“डिसेंबरपासनं.”

“मला चौदा वर्सं.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

“काय बघतोस? मी तिथं शिव्या कुनाला घालत हुतो, दरीला? दरीनं माझं काय वाकडं केलंय? त्यो इचार आला की त्याच्या आयला शिव्या घालायचो, म्हंजी त्यो दबायचा. रोज जाताना एक डाव, येताना एक डाव.” तो बाईंकडे वळला आणि आवाज अगदी खाली आला. आगाराचा वाघ हा. “बाई, डोळ्याच्या डाक्टर न्हाई न्हवं तुमी?”

“नाही,” बाई म्हणाल्या.

“बरं झालं,” तो म्हणाला आणि खाली उतरून नळाखाली डोकं धरून उभा राहिला.

पत्र मला त्या दिवशी मिळालं नाही. त्यानंतर आणखी नऊ वेळा मी घाट उतरलो, हात गुडघ्यावर ठेवून, खरे आकडे सांगत. दहा, नऊ, नऊ, सहा, पुन्हा आठ. बाई त्यांतल्या चार वेळा आल्या आणि चारही वेळा ओकल्या. तो फॉर्म मी पुन्हा भरला, तेव्हा सतराव्या प्रश्नापुढे सात लिहिलं, आणि कागद फाटला नाही. जूनमध्ये मला गाडी मिळाली. विचार अजून येतो, मोकळं वळण तिथंच आहे आणि मीही तिथूनच जातो. बाकी ‘निश्चिंत’ हे नाव मला आजही पटत नाही, आणि पाटीवरची ती हसरी बाई तर मुळीच नाही.

सांगायचं राहिलं ते त्या शनिवारनंतरच्या पुढच्याच मंगळवारचं. मी पावणेआठलाच जिन्यात हजर होतो, आणि कुलूप निघताच दाराजवळची खुर्ची पटकावून बसलो. ओसवाल शेठ आले, माझ्याकडे रागानं पाहून भिंतीकडे बसले. फाईल आणली नव्हती, पण तोंड नेहमीसारखं एवढंसं झालं होतं. नऊला पाच कमी असताना जिन्यावर जड पावलं वाजली आणि दारात एक सहाफुटी माणूस येऊन थांबला. डोक्यावर हेल्मेट. काच खाली पाडलेली. त्यानं पाचही खुर्च्यांवरून नजर फिरवली, भिंतीकडची मोकळी खुर्ची पाहिली, आणि तिथंच उंबऱ्यावर घुटमळला. एक पाऊल मागं गेलं सुद्धा.

मी उठलो.

“ये, सर्जेराव,” मी म्हणालो. “हितं बस. ही दाराजवळ हाय.”

आणि मी जाऊन शेठच्या शेजारी, भिंतीला पाठ लावून बसलो.